कल्पना सुचते, मग अडते कुठे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या प्रयोगशाळेत धातूंच्या अतिशय पातळ थरांचा विद्युतरोध मोजण्याचे काम चालू होते. काचपट्टीवर धातूचा थर चढवायचा, तो ठरावीक वेगाने तापवायचा आणि दर अंशाला रोध किती भरतो ते टिपायचे, असे ते सरळसोट काम. रोज सकाळी दहाला प्रयोग सुरू होई. आलेख बहुतेक सगळा नीट येई, पण एका विशिष्ट तापमानाला तो अचानक उसळी मारी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या तापमानाला धातूच्या रचनेत काही बदल होत असावा, असे आम्ही अनुमान काढले. तीन महिने त्या उसळीच्या मागे लागलो. शोधनिबंधाचा कच्चा मसुदाही तयार झाला.

मग एकदा इमारतीच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळाली. दोन दिवस नळाला पाणी नव्हते आणि त्या दोन्ही दिवशी आमचा आलेख अगदी सरळ आला. चहाच्या वेळी आम्ही नवल बोलून दाखवले, तेव्हा कपबशा गोळा करणारे परिचर सहज म्हणाले, “साहेब, पंप बंद आहे ना! तो अकराला सुरू झाला की तुमचे आकडे उड्या मारतात.”

प्रयोग दहाला सुरू, तापवण्याचा वेग ठरलेला, म्हणजे अकरा वाजता तापमान रोज तेच. मोटर सुरू होताना विजेच्या दाबात पडणारा फरक आमच्या मापकापर्यंत पोचत होता. धातू बिचारा निर्दोष होता!

खरा धक्का पुढेच होता. ही गोष्ट परिचरांना ठाऊक होती, तशीच आमच्याकडे पीएच.डी.साठी काम करणाऱ्या विद्यार्थिनीलाही जवळजवळ दोन महिन्यांपासून ठाऊक होती. “मग तू बोलली का नाहीस?” असे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी म्हणाली, “सर, पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं की मापक चुकत असेल का. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आधी यंत्र समजून घ्या, मग शंका काढा.”

आम्हाला ते वाक्य आठवतही नव्हते. तिला मात्र शब्दन् शब्द आठवत होता.

आपल्या हाताखालच्या लोकांना कल्पना सुचत नाहीत, ते पुढाकार घेत नाहीत, अशी तक्रार कारखान्यांत, कचेऱ्यांत आणि शाळांतही नेहमी ऐकू येते. आमचीही होती. पण आमच्या बाबतीत कल्पना सुचलेली होती, ती बरोबरही होती. ती फक्त तोंडापर्यंत येऊन थांबली होती. असे का होते, आणि त्यात वरच्या माणसाचा वाटा किती, याचा शास्त्रीय अभ्यास गेली ऐंशीपेक्षा जास्त वर्षे चालू आहे. त्याची सुरुवात एखाद्या कारखान्यात झाली नाही. ती झाली दहा-अकरा वर्षांच्या मुलांमध्ये, कागदी लगद्याचे मुखवटे करताना.

मुखवटे करणारी मुले

कुर्ट लेविन हे बर्लिन विद्यापीठात काम करणारे ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना जर्मनी सोडून अमेरिकेत जावे लागले. हुकूमशाहीत माणसे कशी बदलतात, हा त्यांच्या दृष्टीने पुस्तकी प्रश्न नव्हता. आयोवा विद्यापीठात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर ठरवले की याचा प्रयोगच करून पाहायचा.

१९३८ मध्ये त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड लिपिट यांनी पाच-पाच मुलांची दोन मंडळे स्थापन केली. दोन्हीकडे काम तेच, मुखवटे बनवण्याचे. नेताही तोच, स्वतः लिपिट. फरक फक्त वागण्यात. एका मंडळात ते हुकूम सोडत, तर दुसऱ्यात मुलांशी चर्चा करून ठरवत. हुकमी मंडळातल्या मुलांमध्ये आपापसातले वैरभावाचे वागणे दुसऱ्या मंडळाच्या सुमारे तीसपट आढळले.

पुढचा प्रयोग अधिक काटेकोर होता. त्यात राल्फ व्हाइट हे नवे संशोधक सामील झाले. या वेळी दहा वर्षांच्या पाच-पाच मुलग्यांची चार मंडळे होती. दर सहा आठवड्यांनी मंडळाचा नेता आणि नेतृत्वाची पद्धत बदलत असे. त्यामुळे तीच मुले वेगवेगळ्या पद्धतींखाली कशी वागतात ते पाहता आले. निरीक्षक पडद्याआड बसून मिनिटामिनिटाची नोंद घेत.

व्हाइट यांना या कामाची सवय नव्हती. त्यांनी लोकशाही नेत्याची भूमिका वठवायला घेतली, पण ते मुलांना जवळजवळ मोकळेच सोडून देत. लेविन आणि लिपिट यांच्या लक्षात आले की ही लोकशाही नव्हे, हे काहीतरी निराळेच आहे. नवख्याने प्रयोग बिघडवला म्हणून एखाद्या मार्गदर्शकाने कपाळाला हात लावला असता. लेविन उलट खूश झाले आणि त्यांनी या चुकीलाच प्रयोगातली तिसरी पद्धत करून टाकले. पुस्तकांत आज आपण नेतृत्वाच्या ज्या तीन शैली वाचतो, त्यांतली तिसरी अशी सापडलेली आहे.

तीन शैली

या तीन शैली नेमक्या कशा होत्या ते पाहू.

पहिली हुकमी शैली. काय करायचे ते नेता ठरवी. एका वेळी एकच पायरी सांगे, त्यामुळे पुढे काय होणार हे मुलांना कळत नसे. कोणी कोणाबरोबर काम करायचे हेही तोच ठरवी. शाबासकी किंवा बोल वैयक्तिक असत, आणि ते का मिळाले हे स्पष्ट होत नसे.

दुसरी सहभागाची शैली. काय करायचे हे चर्चेने ठरे. नेता सुरुवातीलाच सगळ्या कामाचा आराखडा समजावून देई. अडचण आली तर दोन-तीन पर्याय पुढे ठेवी आणि निवड मुलांवर सोडी. बरेवाईट सांगताना ते कामाबद्दल आणि कारणासह सांगे.

तिसरी मोकाट शैली. नेता सामान मांडून ठेवी, विचारले तर माहिती देई, बाकी कशात पडत नसे.

आता निष्कर्ष. नेता खोलीत असताना हुकमी मंडळांत काम जोरात चाले. ज्या हुकमी मंडळांतली मुले निमूट राहिली होती, तिथे ७४ टक्के वेळ कामात जात होता. सहभागाच्या मंडळांत हे प्रमाण ५० टक्के, तर मोकाट मंडळांत ३३ टक्के होते. एखादा तपासनीस त्या वेळी आला असता तर त्याने हुकमी मंडळाला पहिला क्रमांक दिला असता, नाही का?

पण संशोधकांनी नेत्याला मधूनमधून खोलीबाहेर बोलावण्याची व्यवस्था केली होती. नेता बाहेर गेला की निमूट हुकमी मंडळांतले प्रमाण ७४ वरून २९ टक्क्यांवर येई. सहभागाच्या मंडळांत ते ५० वरून ४६ टक्के होई, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मोकाट मंडळांत तर ते ३३ वरून ४९ वर चढे, कारण मुलांपैकीच कोणीतरी पुढाकार घेई! कामातली कल्पकता सहभागाच्या मंडळांत अधिक दिसली. आणि कोणता नेता आवडला असे विचारले तेव्हा वीसपैकी एकोणीस मुलांनी हुकमी नेत्यापेक्षा सहभागाच्या नेत्याला पसंती दिली.

१९३९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा शीर्षकात ‘सामाजिक हवामान’ अशा अर्थाचा शब्द होता. शब्द मोठा नेमका आहे. हवामान डोळ्यांना दिसत नाही, पण बी रुजणार की नाही हे तेच ठरवते. त्याच मुलांच्या खोलीतले हवामान नेता बदलल्याबरोबर बदलत होते.

अर्थात वीस मुलांवरचा प्रयोग म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. मुले एका देशातली आणि एका काळातली होती. शिवाय लेविन यांचे मन लोकशाहीकडे झुकलेले होते, हेही विसरून चालणार नाही. म्हणून आता मोठ्या माणसांच्या कामाकडे वळू.

चांगल्या वॉर्डात चुका जास्त?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲमी एडमंडसन या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधिकेने रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चुकीचे औषध, चुकीची मात्रा, चुकीची वेळ असे त्या चुकांचे प्रकार. दोन रुग्णालयांतले आठ विभाग निवडले होते. प्रत्येक विभागातील डॉक्टर आणि परिचारिका एकजुटीने किती चांगले काम करतात, हे प्रश्नावलीतून मोजले. अपेक्षा सरळ होती. जिथे एकजूट चांगली, तिथे चुका कमी.

आकडे उलटे आले. एकजूट जितकी चांगली तितक्या चुका जास्त!

तुम्ही त्या ठिकाणी असता तर काय अनुमान काढले असते? एडमंडसन यांच्या मनात आले, कदाचित चांगल्या विभागांत चुका जास्त होत नसतील, फक्त जास्त सांगितल्या जात असतील. हे पडताळण्यासाठी त्यांनी एका सहायकाला त्या विभागांत निरीक्षणासाठी पाठवले. कुठल्या विभागाचे आकडे काय आहेत हे त्याला मुद्दाम सांगितले नाही. त्याला आढळले की काही विभागांत चूक झाली की परिचारिका ती लगेच बोलून दाखवतात, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे यावर सगळे मिळून विचार करतात. काही विभागांत मात्र चूक झाली की प्रमुख परिचारिकेकडून खरडपट्टी निघे, त्यामुळे चूक दडवण्याकडे कल असे. ज्या विभागांत बोलणे मोकळे होते, तेच चुकांच्या यादीत वर होते.

एडमंडसन यांनी पुढे एका फर्निचर बनवणाऱ्या कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातून ‘मानसिक सुरक्षितता’ ही संज्ञा रूढ झाली. आपण प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा अर्धवट कल्पना मांडली तर आपला पाणउतारा होणार नाही, असा गटातल्या सगळ्यांना असलेला विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. जिथे हा विश्वास होता ते गट अधिक शिकत होते आणि त्यांचे कामही सरस होते.

मानसिक सुरक्षितता म्हणजे लाड नव्हेत. ‘काहीही करा, चालेल’ असे वातावरण म्हणजे लेविन यांचे मोकाट मंडळ. कामाचा दर्जा उंच ठेवायचा आणि बोलण्याची भीती काढून टाकायची, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात.

गप्प बसण्याचे गणित

माणूस गप्प का बसतो, याचे साधे गणित मांडून पाहू. समजा, तुम्हाला एखादी नवी कल्पना सुचली आहे. ती सांगितली आणि चुकली तर होणारे नुकसान लगेच होते, नक्की होते आणि एकट्या तुमचेच होते. लोक हसतात, साहेबांचे मत वाईट होते. ती बरोबर निघाली तर होणारा फायदा उशिरा होतो, तो अनिश्चित असतो आणि सगळ्यांत वाटला जातो. गप्प बसणाऱ्याचे मात्र काहीच जात नाही. न सांगितलेल्या कल्पनेबद्दल कोणालाच शिक्षा होत नसते.

म्हणजे गप्प बसणे हा आळस नव्हे, तो शहाणपणाचा हिशेब आहे. आमच्या विद्यार्थिनीने तोच केला होता. हा हिशेब उपदेशाने बदलत नाही. ‘नवे विचार मांडा’ अशी पाटी लावूनही बदलत नाही. बोलण्याची किंमत कमी झाली तरच तो बदलतो, आणि ती किंमत वरचा माणूस ठरवत असतो.

भीतीचा परिणाम केवळ बोलण्यावर होतो असेही नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९७९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातील मुलींना रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून चित्र करायला दिले. काहींना आधी सांगितले की तुमच्या चित्रांना कलावंत गुण देणार आहेत, काहींना तसे सांगितले नाही. नंतर कलावंतांनी सगळीच चित्रे पाहिली. कोणते चित्र कोणत्या गटातले, हे त्यांना माहीत नव्हते. गुण मिळणार हे ज्यांना ठाऊक होते, त्यांची चित्रे एकंदरीने कमी कल्पक ठरली. अपवाद फक्त एका गटाचा. कल्पक चित्र करायला नेमके काय करावे, हे त्या गटाला आधीच समजावून दिले होते. लक्ष चित्रावरून उडून परीक्षकाकडे गेले, की हात नेहमीच्या वाटेने चालतो.

न चिकटणारा डिंक

आता एका कंपनीची गोष्ट. पुस्तकाच्या पानावर चिकटवायच्या आणि न फाटता काढता येणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या. ही कंपनी पूर्वी मुख्यतः पॉलिश पेपर बनवत असे.

१९२०च्या दशकात तिथला रिचर्ड ड्र्यू हा तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवण्याच्या दुकानात जाई. त्या वेळी दोन रंगांच्या मोटारींची टूम होती. एक रंग देताना दुसरा भाग कागद चिकटवून झाकावा लागे, आणि तो कागद काढताना ताजा रंगही निघून येई. रंगाऱ्यांचा त्रागा ऐकून ड्र्यूने ठरवले की रंगाला न दुखवता निघणारी पट्टी आपण करू. हे त्याचे काम नव्हते. कंपनीतले वरिष्ठ अधिकारी विल्यम मॅकनाइट यांनी त्याला ते सोडून पॉलिश पेपरकडे परतायला सांगितले. ड्र्यूला चैन पडेना, त्याने पुन्हा त्यात हात घातला. मॅकनाइट यांना ते समजले, पण त्यांनी त्याला अडवले नाही. १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार झाली. पुढे १९३० मध्ये ड्र्यूनेच पारदर्शक चिकटपट्टी आणली.

मॅकनाइट या अनुभवातून स्वतः काय शिकले, हे आम्हाला विशेष वाटते. १९४८ मध्ये त्यांनी आपली व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. त्यांचा आशय असा की चांगल्या माणसांवर जबाबदारी सोपवली तर ती आपल्या पद्धतीने काम करणार आणि चुकणारही. पण त्या चुका, वरिष्ठांनी प्रत्येक गोष्ट कशी करायची ते फर्मावण्याच्या चुकीइतक्या घातक नसतात. चुकीवर तुटून पडणारा वरिष्ठ पुढाकार मारून टाकतो. कामाचा सुमारे १५ टक्के वेळ आपल्या आवडीच्या कल्पनेवर घालवायची मुभा तिथल्या तंत्रज्ञांना मिळाली, ती याच विचारातून.

१९६८ मध्ये त्याच कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना एक विचित्र डिंक सापडला. नेहमीचा डिंक सलग थराने पसरतो. हा सूक्ष्म गोळ्यांचा होता. गोळा सपाट पृष्ठभागाला थोड्याच जागी टेकतो, म्हणून पकड हलकी, आणि काढून पुन्हा लावता येई. डिंक म्हणून पाहिले तर हा नापासच! सिल्व्हर मात्र वर्षानुवर्षे कंपनीतल्या लोकांना त्याबद्दल सांगत राहिले. त्यांचे व्याख्यान ऐकलेले आर्ट फ्राय हे चर्चमध्ये समूहगायन करत. गीतपुस्तकात खुणेला ठेवलेले कागदाचे कपटे सारखे पडत. १९७४ च्या सुमारास त्यांना सिल्व्हर यांचा डिंक आठवला. १९७७ मध्ये चार शहरांत केलेली चाचणी विक्री फसली. तरी काम बंद झाले नाही. पुढच्या वर्षी बॉइझी या शहरात चिठ्ठ्या फुकट वाटल्या, आणि लोकांनी त्या पुन्हा मागितल्या. १९८० मध्ये त्या अमेरिकाभर विक्रीला आल्या.

ही बारा वर्षे मोजा. एका ‘नापास’ शोधाबद्दल बारा वर्षे बोलत राहण्याची सोय किती ठिकाणी असते? आणि फ्राय यांना तो डिंक आठवला, कारण सिल्व्हर यांना बोलू दिले होते.

हे हवामान कायमचे नसते, हेही याच कंपनीने दाखवले. २००१ मध्ये बाहेरून आलेल्या प्रमुखांनी खर्च आणि सदोष माल कमी करण्यासाठी सिक्स सिग्मा ही काटेकोर पद्धत आणली. कारखान्यात ती उपयोगी पडली. पण ती संशोधन विभागातही लावली गेली. प्रत्येक पायरीचा हिशेब आधीच द्यायचा, तर अनपेक्षित गोष्टीला जागा कुठे उरणार? २००५ नंतर आलेल्या प्रमुखांनी संशोधकांपुरता तो फास सैल केला. माणसे तीच होती, इमारतही तीच.

पराभव कोणाचा, यश कोणाचे

आपल्याकडचेही एक उदाहरण बोलके आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ या भारतीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. दुसऱ्या टप्प्याची नियंत्रणयंत्रणा बिघडली आणि उण्यापुऱ्या ३१७ सेकंदांत तो बंगालच्या उपसागरात कोसळला. मोहिमेचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाण करायचा निर्णय त्यांचा होता. पत्रकार वाट पाहत होते. तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थेचा प्रमुख म्हणून स्वीकारली, आणि आपल्या लोकांवर आपला विश्वास असल्याचे सांगितले.

१८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या प्रयत्नात ३५ किलोग्रॅमचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. या वेळी धवन यांनी पत्रकार परिषद कलामांना घ्यायला सांगितली. ही आठवण कलाम पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

यात गुळमुळीतपणा कुठेही नाही. बिघाड कशाने झाला, याची कसून चौकशी झाली. पण ‘काय बिघडले?’ आणि ‘कोणी बिघडवले?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याने माहिती बाहेर येते. दुसऱ्याने ती दडपली जाते. पुढचा अग्निबाण सुधारायचा तर माहिती हवी.

वर्गात करून पाहा

वर्ग हेही एक कामाचे ठिकाणच आहे. लेविन यांचा प्रयोग तुम्हाला छोट्या प्रमाणात करून पाहता येईल. साहित्य अगदी साधे आहे: जुनी वर्तमानपत्रे, डिंक आणि घड्याळ.

पाच-पाच मुलांचे तीन गट करा. प्रत्येक गटाने वीस मिनिटांत वर्तमानपत्राचा शक्य तितका उंच, स्वतःच्या पायावर उभा राहणारा मनोरा करायचा. वरच्या वर्गातील तीन विद्यार्थी नेते निवडा. पहिल्याने एका वेळी एकच सूचना द्यायची. दुसऱ्याने उद्दिष्ट समजावून ‘कसे करू या?’ असे विचारायचे आणि अडल्यास दोन पर्याय सुचवायचे. तिसऱ्याने सामान देऊन बाजूला बसायचे. पंधराव्या मिनिटाला तिन्ही नेत्यांना पाच मिनिटे बाहेर बोलवा.

प्रत्येक गटामागे एक निरीक्षक ठेवा. त्याने तीन गोष्टी मोजायच्या: किती प्रश्न विचारले गेले, ‘असे करून पाहू या का’ अशा किती सूचना आल्या, आणि दर मिनिटाला किती मुले कामात होती. पुढच्या आठवड्यात नेत्यांच्या पद्धती गटांमध्ये फिरवा, म्हणजे फरक मुलांमुळे पडला की पद्धतीमुळे, हे कळेल. कोणालाही अपमानास्पद बोलायचे नाही, हे नेत्यांना आधी बजावा. शेवटी सगळ्यांना प्रयोगाचा हेतू सांगून चर्चा करा. तीन गटांवरून मोठा सिद्धान्त काढता येणार नाही, हेही मुलांना त्यातूनच समजेल.

आणखी एक मोजमाप मात्र शिक्षकांनी स्वतःचे करावे. वर्गात एखाद्याने चुकीचे उत्तर दिले की त्यानंतरच्या पाच मिनिटांत किती हात वर होतात, ते आठवडाभर टिपून ठेवावे. शाळेतल्या शिक्षकसभेत मुख्याध्यापकांनाही हेच करता येईल. नव्या शिक्षकाने सूचना केली, तर पुढच्या सभेत तो पुन्हा बोलतो का?

पुन्हा प्रयोगशाळेत

आमच्याकडे पुढे काय झाले? शोधनिबंध अर्थातच फाडून टाकला. त्या विद्यार्थिनीची आम्ही सगळ्यांसमोर क्षमा मागितली, कारण तो शब्दही सगळ्यांसमोरच गेला होता. दर शनिवारी अर्धा तास ठेवला. त्यात प्रत्येकाने आठवड्यातले न पटलेले एखादे निरीक्षण सांगायचे, आणि सुरुवात आम्ही स्वतःच्या चुकीने करायची. पहिले दोन महिने कोणी काही सांगितले नाही. आमचीच चूक ऐकून सगळे मान डोलावत आणि उठून जात. तुटलेला विश्वास एका घोषणेने सांधला जात नाही. तिसऱ्या महिन्यात एक मुलगा चाचरत म्हणाला, “सर, हे चुकीचं असेल, पण...”

त्याची शंका खरोखरच चुकीची होती. ती का चुकीची, हे समजावून घेताना मापकाच्या जोडणीतला एक वेगळाच दोष सापडला. त्या दिवशी परिचरही चहा घेऊन तिथेच थांबले होते. आता शनिवारी तेही बसतात.

मनोऱ्याचा प्रयोग करून पाहिलात तर तुमची निरीक्षणे आणि आकडे आम्हाला जरूर कळवा. अपेक्षेच्या उलट आले असतील, तर अगत्याने कळवा.